दोन टक्के विज्ञान

शाळेतले विज्ञान सुधारण्यासाठी गाव आणि उद्योग यांनी एकत्र यावे, या जुन्या इच्छेला २०१३च्या कंपनी कायद्याने आकडा चिकटवला. कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. साहेबांची गाडी चिखलात न रुतता जिथवर पोचते तो आसपासचा भाग, असा अर्थ व्यवहारात रूढ आहे.

या सहकार्यातून प्रयोगशाळा निपजते. तिचा हंगाम आर्थिक वर्षाच्या अखेरचा. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन तिला विशेष मानवतो. १९२८ मध्ये त्या दिवशी लागलेल्या रामन यांच्या शोधाचे स्मरणही होते आणि खर्चाचे उद्दिष्टही गाठले जाते. फलक, फीत, कपाट, सूक्ष्मदर्शक आणि कुलूप हे तिचे मुख्य अवयव. पैकी कुलूप सर्वांत कार्यक्षम. सूक्ष्मदर्शक जडसंग्रह नोंदवहीत चढतो, आणि फुटला तर जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. न वापरलेले उपकरण फुटत नाही, हा या प्रयोगशाळेत सिद्ध झालेला एकमेव नियम. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीला असतात.

कंपनीचे कर्मचारीही वर्षातून एकदा श्रमदानाला येतात. एकसारख्या टी-शर्टातली ही मंडळी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी करून दाखवतात, भिंतीवर सूर्यमाला रंगवतात आणि जेवणाआधी परततात.

गावाचा वाटा कायद्यानेच ठरवून दिला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यात मोटार रिवाइंडिंग करणारा असतो, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारा असतो, विहिरीचे पाणी कितव्या महिन्यात किती खाली जाते हे तोंडपाठ असलेली शेतकरीण असते. विद्युतचुंबकत्व, रसायन आणि भूजल असे तीन धडे इथे फुकट उपलब्ध आहेत. प्रत्यक्षात या तिघांकडून लोकवर्गणी घेतली जाते आणि उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या मांडून घेतल्या जातात.

अपवादांची नोंद आवश्यक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, वायरिंग, माती-परीक्षण शिकत आणि गावाची कामे पैसे घेऊन करत. अशा कामात गुण देण्याचे काम गिऱ्हाईकच करते, आणि ते कृपागुण देत नाही. टेल्कोतले अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी मुलांच्या हाती भूमिती दिली. या साहित्याचा दोष उघड आहे: काडीवर बोधचिन्ह मावत नाही. होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ पासून चालला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केला. दोन्ही ठिकाणी उद्योगाकडून आला तो माणूस, एक राजीनामा देऊन, दुसरा रजा टाकून. कंपनीच्या वार्षिक अहवालात यापैकी कशालाच रकाना नाही.

राहिले मूल्यमापन. नियमांनुसार एक कोटीपेक्षा कमी खर्चाच्या प्रकल्पाचा परिणाम तपासण्याची सक्ती नाही, आणि एका शाळेचे कपाट कोटीला पोचत नाही. म्हणून किती मुलांनी पेशी पाहिली हे विचारले जात नाही, किती मुलांना लाभ झाला हे मात्र छापले जाते. दुसरा आकडा शाळेच्या पटावरून मिळतो. पुढे यथावकाश उपकरणे गंजतात, समिती ठराव करते आणि त्यांचे रीतसर निर्लेखन होते. फलकाची नोंद जडसंग्रहात नसल्यामुळे तो निर्लेखित करता येत नाही.