नाना, मीटर आणि वरवंटा

आमच्या आणि नानांच्या परड्यांच्या मध्ये एक गडगा आहे. चिऱ्यांचा, कमरेएवढा. त्याचे वरचे दोन-तीन चिरे मागच्या पावसाळ्यात निसटले, ते कोणी बसवायचे यावर अजून एकमत नाही, आणि होऊही नये. कारण सगळा व्यवहार त्या खिंडारातूनच चालतो. ताकाची लोटी, कढीलिंब, आदल्या दिवशीचा पेपर, वरच्या वाडीतल्या भावाभावांच्या कोर्टाच्या तारखा. गणपतीत आमच्याकडे वीस माणसं आणि मागच्या पडवीतला बोर्ड भिजून बंद, तेव्हा नानांनी त्यांच्या पडवीतून वायर टाकून वीजसुद्धा अलीकडे दिली. शेजार असा लागतो, असं मी तेव्हा माहेरी फोन करून मुद्दाम सांगितलं होतं.

नाना माझ्या सासऱ्यांचे दोस्त. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मला स्वतःला सून येऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्यासाठी मी अजून ‘सूनबाई’च. रोज सकाळी चहा झाला की ते गडग्याशी येतात आणि जगात काय काय खोटं आहे ते मला सांगतात.

परवा मी मिरच्या वाळत घालत होते.

“घालतेस? वेधशाळेनं अवकाळी सांगितलाय.”

“अगोबाई! मग काढते.”

“काढतेस कशाला? वेधशाळेनं सांगितलाय म्हणून तर म्हणतो, घाल बिनधास्त.”

वेधशाळेला कोणी बोललं की मला थोडं लागतं. माहेर पुण्यात शिवाजीनगरला, बसचा स्टॉप शिमला ऑफिसचा. लहानपणी वाटायचं तिथे सफरचंदं मिळत असणार. पुढे कळलं की १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, ते येताना शिमला हे नावही घेऊन आलं. मी नानांना म्हटलं, मोसमी पावसाचा अंदाज १८८६ पासून बांधतायत हे लोक. ब्लॅनफर्ड साहेबानं हिमालयावरच्या बर्फावरून पहिला काढला.

“म्हणजे चुकायचा अनुभव दांडगा आहे,” नाना म्हणाले.

आता यात थोडं वेधशाळेचं चुकतं आणि बरंचसं आपलं. ‘यंदा सरासरीइतका’ म्हणतात ती सरासरी अख्ख्या देशाची, जून ते सप्टेंबरची, ८७ सेंटीमीटर. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला की झाला सरासरीइतका. आमच्याकडे तेवढा एका जुलैतच कोसळतो, आणि तिकडे माणदेशात वर्षभर मिळूनही पडत नाही. दोन्हीकडची माणसं एकच आकडा ऐकतात आणि आपापल्या परड्यात बघून म्हणतात, साफ खोटं. रोजचे जिल्ह्याचे इशारे निराळे. ते चुकतात तेव्हा मीही बोलते. पिवळ्या इशाऱ्यावर शाळेला सुट्टी देऊन टाकायची आणि मग पोरं लख्ख उन्हात दिवसभर आंब्यावर दगड मारत बसायची, त्याचा जाच आम्हालाच.

पण नानांची गाडी एका स्टेशनावर थांबत नाही. वेधशाळेवरून ती चंद्रावर गेली. चांद्रयान-३ उतरलं ते खरं, कारण ते आपण टीव्हीवर बघितलं, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी, नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, निरांजनही लावलं होतं. पण १९६९ चं अमेरिकेचं खोटं, कारण झेंडा फडफडतो. मी सांगितलं, अहो, आपल्याच चांद्रयान-२ नं वरून त्या अपोलो ११ च्या जागेचा फोटो काढलाय, खाली राहिलेला यानाचा भाग दिसतो त्यात.

नाना जरा गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे आपलेही त्यांना सामील.”

यावर काय बोलणार? संशयाला पुरावा दाखवला की तो पुरावाच संशयितांत जमा होतो. दोन हजारांच्या नोटेचं तेच झालं होतं. २०१६ च्या नोव्हेंबरात टीव्हीवाल्यांनीच सांगितलं, नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला कळेल. रिझर्व्ह बँकेनं नाही म्हटलं, तर नाना म्हणाले, चोर पकडायचा असेल तर सापळा कुठे आहे ते सांगतात का? १२० मीटर म्हणजे सुमारे चारशे फूट. आमची विहीर चाळीस फुटांची, ती खणताना सासऱ्यांच्या दोन म्हशी विकल्या गेल्या. एवढा खड्डा खणायला लागणारे पैसे ज्याच्याकडे असतील तो नोटा कशाला पुरेल, हे कोणी विचारलं नाही. २०२३ च्या मे महिन्यात ती नोटच परत बोलावली. नाना म्हणाले, “चिप संपली असेल.”

मी सगळ्यावर विश्वास ठेवणारी आहे असंही नाही हो. मुलानं माझ्या फोनमध्ये ते एआय घालून दिलंय. त्याला मी आमच्या गावातल्या देवळाबद्दल विचारलं. त्यानं देऊळ नदीकाठी नेऊन ठेवलं, गावाला नसलेली नदी दिली, आणि जत्राही भरवली. भाषा अशी गोड की दोन मिनिटं मलाच वाटलं, आपणच नीट बघितलं नसेल. ‘नदी कुठाय?’ विचारलं तर लगेच माफी मागून दुसरी नदी दिली. तेव्हापासून मी त्याला फक्त पत्राचा मसुदा करायला सांगते. नदीवाले प्रश्न विचारत नाही.

नानांचं मला दुःख होतं ते वेगळ्याच कारणानं. हा माणूस असा नव्हता. १९९५ साल, २१ सप्टेंबर. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सकाळी मुंबईहून कोणाच्या तरी घरी फोन आला की गणपती दूध पितोय, आणि दहा वाजेतो गावातल्या सगळ्या चरव्या देवळाच्या रांगेत. सासूबाईंनी मलाही पाठवलं. मी माझ्या हातानं चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखर गेलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

घरी आले तर नाना आमच्या परड्यात उकिडवे बसलेले, समोर पाटा-वरवंटा. हातात चमचा. वरवंटा ओला करून त्यांनी चमचा जरा कलता धरून दुधाची कड दगडाला टेकवली. वरवंटा दूध प्यायला! मग त्यांनी चिमूटभर कुंकू दुधात कालवलं आणि पुन्हा लावलं. या खेपेला काळ्या दगडावरून खाली गेलेली बारीक लाल धार सगळ्यांना दिसली. पृष्ठताण, म्हणाले. ओल्या दगडाला दूध टेकलं की ते ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं दगडावरून उतरतं. आधीच दुधानं न्हालेल्या पांढऱ्या मूर्तीवर ते डोळ्याला दिसत नाही, एवढंच. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही त्या दिवशी रंगीत दूध घेऊन हेच दाखवलं, ते आम्ही रात्री बातम्यांत ऐकलं. नाना सकाळीच करून मोकळे.

सासूबाई तो सगळा प्रयोग बघून म्हणाल्या, “म्हणजे वरवंट्यातही देव आहे,” आणि पाटा धुऊन वाटपाला बसल्या. त्यांचंही खोडून काढता आलं नाही कोणाला.

तर तो चमचावाला माणूस हल्ली नुसता अंगठा चालवतो. मेसेज येतो, पुढे जातो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून किरणं येणार, फोन बंद ठेवा, नासाने सांगितलंय. ज्या नासाचा चंद्र खोटा, तिचे किरण मात्र खरे!

आणि या सगळ्यावर गेले सहा महिने एकच पालुपद, मीटर. श्रावणात आमच्या वाडीतले जुने मीटर काढून नवे स्मार्ट बसवले. भाद्रपदापासून नानांचं बिल चढलं. पूर्वी महिन्याला नव्वद युनिटं, आता दीडशे. शंभराच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या आसपास, त्यामुळे बिल युनिटांपेक्षा जोरात पळतं. घरात दोनच माणसं, त्यात काकू संध्याकाळी ओटीवरचा दिवासुद्धा सात वाजल्याशिवाय लावत नाहीत.

“जुन्या मीटरची चकती डोळ्यांदेखत फिरायची,” नाना म्हणाले. “यात काय फिरतं? यात सिमकार्ड आहे. रात्री तिकडून आकडा वाढवतात.”

“सिम असतं, पण ते रीडिंग पाठवायला. आमचाही मीटर त्याच दिवशी बदललाय नाना. आमचं बिल काही चढलं नाही.”

“म्हणजे माणसं बघून वाढवतात.”

“कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडलीय. उलट आता दिवसाची वीज स्वस्त आहे. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच युनिटमागे ऐंशी पैसे ते रुपयापर्यंत सूट आहे. काकूंना गिरणी दुपारी लावायला सांगा.”

“आधी फुगवायचं, मग सूट द्यायची. दुकानदार काय वेगळं करतो?”

तेव्हा माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, “नाना, वरवंटा आठवतो का? चला, मोजूया.”

मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नानांच्या मीटरवर ३२०० होतं. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काकूंनी बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकला, १००० वॅटचा. तासाला एक युनिट, म्हणजे मिनिटाला ५३ लुकलुक. नाना घड्याळ धरून, मी दिव्यासमोर. मास्तरांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी तो जुना रंग आलेला.

“सुरू!”

एकोणसाठ.

पुन्हा मोजलं. एकोणसाठ. तिसऱ्यांदा काकूंनी मोजलं, अठ्ठावन्न, पण त्यांना मध्येच शिंक आली होती.

“सहा जास्त!” नाना अक्षरशः उडाले. “दहा टक्क्यांवर चोरी! लिही, तारीख टाकून लिही!”

मला घाम फुटला. म्हटलं, व्होल्टेज जास्त असेल.

“आपल्याकडे? जास्त?” काकू म्हणाल्या. त्यांचा मिक्सर नारळाला निम्म्यात थांबतो.

मग मी म्हटलं, रॉड काढा, सगळी बटणं बंद करा, फ्रीजची, टीव्हीची पिन उपटा. घर अंधारून सोडलं आणि तिघंही मीटरसमोर उभे. एक, दोन, तीन... दहाव्या सेकंदाला दिवा लुकलुकला. पुन्हा दहा सेकंदांनी. मिनिटाला बरोबर सहा.

“स्वतःच खातो,” नाना कुजबुजले. “बघितलंस? कोणी नसताना खातो.”

खरं सांगते, त्या क्षणी मलाही शंका आली. पण मिनिटाला सहा म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट. मीटर स्वतः एवढं खायला लागला तर हाताला चटका बसेल. मी हात लावून बघितला, गार होता.

“मेन पाडा,” मी म्हटलं.

नानांनी मेन स्विच खाली ओढला. दिवा थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. म्हणजे मीटर सरळ होता. खाणारं कोणीतरी मेनच्या पुढे बसलेलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात गडग्यापलीकडून आमच्या सूनबाईंची हाक आली.

“आई! मागच्या पडवीतला जुना फ्रीज बंद पडला वाटतं! बाकी घरात लाईट आहे!”

नाना वळून गडग्याकडे बघायला लागले. मीही. त्यांच्या पडवीतून निघून, खिंडारावरून आमच्या पडवीत शिरलेली एक हिरवीगार गोकर्णीची वेल. गणपतीनंतर मीच लावलेली, आधाराला आयती दोरी मिळाली म्हणून. गेले काही महिने रोज सकाळी पूजेला त्या दोरीवरची निळी फुलं मी काढतेय. दिवाळीत वायरमन येऊन आमचा बोर्ड दुरुस्त करून गेला, तेव्हाच त्यानं फ्रीज आमच्या लाईनवर घेतला असणार, असं मी धरून चालले होते. बघितलं नव्हतं.

“नाना, मेन जरा वर करता का,” माझा आवाज मलाच ऐकू येईना. “आत गेल्या वर्षीचा आमरस आहे.”

नानांनी सावकाश मेन वर केला. मीटरपाशी वाकून दिवा लुकलुकेपर्यंत बघत राहिले. मग घड्याळ डोळ्यांजवळ धरलं.

“साडेदहा. नऊ ते पाचमध्येच आहे ना? मग चालू दे, सूनबाई. स्वस्तातली आहे.”