घंगाळाचं घराणं

मराठी माणसाला लिलाव ठाऊक असतो तो दोनच ठिकाणचा. एक लासलगावच्या कांद्याचा, दुसरा बँकेनं वर्तमानपत्रात बारीक टायपात दिलेल्या जप्तीचा. पहिल्यात भाव पडला म्हणून हळहळायचं आणि दुसऱ्यात ओळखीचं कुणी निघतंय का ते चष्मा पुसून बघायचं. त्यामुळे विलायतेत कोटबूट घातलेली माणसं हातात नंबराची पाटी धरून कुणा मेलेल्याच्या कवळीवर बोली लावतात, हे आमच्या आत्याला पटवताना माझी दमछाक झाली. कवळी साधीसुधी नव्हती, चर्चिलची होती. 2010 साली ती 15,200 पौंडांना गेली. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घेणाऱ्याला बसली का?"

मग मी तिला टायटॅनिकच्या जीवरक्षक होडीतलं बिस्कीट 2015 मध्ये 15,000 पौंडांना गेल्याचं सांगितलं, चार्ल्स-डायनाच्या लग्नातल्या केकचा चाळीस वर्षं शिळा तुकडा 1,850 पौंडांना गेल्याचंही सांगितलं. त्यावर तिनं फक्त फ्रीजकडे पाहिलं. आमच्याकडे परवाची आमटी टाकू देत नाहीत त्याचं समर्थन तिला बसल्या जागी मिळालं होतं.

आत्याचं वय 98. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. मूर्ती, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू, जे काही शंभर वर्षांचं झालं ते पुरावस्तूत जमा होतं आणि मग ते तुम्हाला-मला देशाबाहेर नेता येत नाही. आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि "आई, इकडे चल" म्हणून फोनवर धोशा लावतो. मी त्याला बजावून ठेवलंय, न्यायचं तर दोन वर्षांच्या आत ने, नंतर कस्टमवाले अडवतील.

माझं मत असं, की वस्तू घरात असते तोवर ती अडगळ असते. घराबाहेर पडली की तिला भाव येतो आणि समुद्रापलीकडे गेली की ती वारसा होते. (मुलांचंही तसंच असतं, पण तो विषय आत्यासमोर काढायचा नाही.) 29 एप्रिल 2025 ला लंडनच्या सदबीजमध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लिलावाला निघाली. रघुजी म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडवलेलं, म्हणूनच तिला फिरंग म्हणायचं. मुठीवर सोन्याची नक्षी आणि पात्याच्या पाठीवर चक्क देवनागरीत रघुजींचं नाव, 'सेनासाहेबसुभा' या पदवीसकट. महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थ उभा करून ती 47 लाख 15 हजारांना सोडवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. म्हणजे पातं तिकडून इकडे आलं, इकडे नाव काढलं, मग परत तिकडे गेलं आणि आता भाडंतोडं भरून पुन्हा इकडे. बातमी वाचून छाती भरून आली. पण पुणेकराच्या छातीत हिशेबाची वहीही असते. एवढ्या पैशात कोथरूडला वन बीएचके येत नाही. तलवार स्वस्तात पडली याचा आनंद मानावा की कोथरूडचं दुःख करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टिपूच्या शयनगृहातल्या तलवारीचं नशीब आणखी वेगळं. 2023 च्या मे महिन्यात बोनहॅम्सनं तिचा अंदाज 15 ते 20 लाख पौंडांचा बांधला होता. ती गेली 1 कोटी 40 लाखांना. हे असं का होतं? तर लिलावात भाव वस्तू ठरवत नाही आणि जिंकणाराही ठरवत नाही. भाव ठरवतो तो हरलेला माणूस. तुम्ही खिशात कोटभर घेऊन बसलात आणि समोर कुणीच हात वर केला नाही, तर वस्तू किमान भावात तुमच्या गळ्यात पडते. पण एखादा हट्टाला पेटला, की मग मोडकी खुर्चीसुद्धा सिंहासन होते. शिवाय हातोडा पडल्यावर लिलाववाले विकणाऱ्याकडूनही कापून घेतात आणि घेणाऱ्याकडूनही वरकड लावतात. आपले घर दाखवणारे एजंट उगाच बदनाम आहेत.

टिपूचीच दुसरी एक तलवार 2003 साली विजय मल्ल्यांनी लंडनच्या लिलावात घेतली होती. पुढे घरच्यांना ती अपशकुनी वाटली म्हणून देऊन टाकली, असं कोर्टात सांगण्यात आलं. तलवारीच्या पायगुणाबद्दल मी काही बोलणार नाही, पण बँकांना तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी होती. याच मल्ल्यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ आणि ताट-वाटी असा सगळा संसार 18 लाख डॉलरना उचलला. दारूबंदीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा चष्मा बिअरच्या पैशांनी सुटला! लिलावात पैशाला वास नसतो तो असा.

गांधीजींच्या दुसऱ्या एका चष्म्याची गोष्ट मला जास्त आवडते. 2020 साली ब्रिस्टलजवळच्या एका लिलावघराच्या टपालपेटीत कुणीतरी साधं पाकीट खुपसून गेलं. शनिवार-रविवारभर ते तिथंच अर्धवट बाहेर लोंबत होतं. आत सोन्याचा मुलामा दिलेला गोल काचांचा चष्मा आणि सोबत चिठ्ठी, हा गांधींचा. मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, काही किमतीचा नसेल तर टाकून द्या. त्याला सांगितलं, 15 हजार पौंड तरी येतील. तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. प्रत्यक्षात आले 2 लाख 60 हजार. हेच पाकीट आमच्या सोसायटीत लोंबलं असतं, तर सोमवारपर्यंत त्याच्यावर 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी चिकटली असती.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या जुन्या बाजारातही असं घबाड सापडत असेल. बुधवार-रविवार तिथं चक्कर मारावी. गोधडीवर पितळी होकायंत्रं मांडलेली असतात आणि प्रत्येकावर 'टायटॅनिक 1912' कोरलेलं असतं. एवढी होकायंत्रं त्या जहाजावर असती तर हिमनगाची गरज नव्हती, ते वजनानंच बुडालं असतं. शेजारी रामपंचायतनाचं तांब्याचं नाणं, मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल 1818. पेशवाई बुडवली त्याच वर्षी कंपनी सरकारला रामरायाची आठवण झाली, हे वाचून गलबलून येतं. असं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही, हे नाणी जमवणारी शाळकरी पोरंही सांगतील. मी एका विक्रेत्याला विचारलं, "जुनं आहे का हो?" त्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि अगत्यानं म्हणाला, "साहेब, किती जुनं पाहिजे?"

खरं जुनं होतं ते आपण केव्हाच मोडीत घातलं. स्टेनलेस स्टील आलं तेव्हा घरोघरी साथ आल्यासारखं झालं. हंडे, पराती, तपेली, समया तांब्यापितळेच्या वजनावर गेल्या आणि जरीच्या साड्या बोहारणीच्या टोपलीत. एका पैठणीवर दोन पातेली आणि एक चमचा सोडवताना आमच्या आजीनं जी घासाघीस केली, ती ऐकून सदबीजचा माणूस हातोडा टाकून पळाला असता. त्याच जमान्यात दिनकर केळकर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या गोळा करत होते. वीस हजारांच्या घरात वस्तू जमल्या आणि सगळं संग्रहालय त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. आता आपण तिथं तिकीट काढून आजीचा अडकित्ता बघायला जातो.

आमच्या वाड्यात मात्र एक घंगाळ वाचलं. तांब्याचं, दोन पितळी कड्यांचं, बुडाला कल्हईचा मागमूस नसलेलं. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा सगळी भावंडं वाटणीला जमली. टीव्ही, कपाट, शिलाई मशीन यांवर बोलणी झाली. घंगाळाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते भंगारवाल्याच्या ढिगात जाऊन बसलंही होतं. इतक्यात धाकट्या वहिनी सहज म्हणाल्या, "आमच्या इंटिरियरवाल्यानं अगदी असंच सांगितलंय, दारात ठेवायला." संपलं. लागली बोली.

पैसे कुणी काढले नाहीत, घरचाच मामला होता. बोली लागली आठवणींची. थोरला म्हणाला, आजोबा याच घंगाळातून पाणी घेत. मधलीनं त्यावर चढवलं, आईनं मला दिवाळीची पहिली आंघोळ यातच घातली. खराडीचा दादा आवंढा गिळून म्हणाला, आई गेली त्या दिवशी पाणी यातच तापलं होतं. यावर वाढवणं अवघड होतं. सगळे गप्प झाले. दादानं कडीला हातही घातला. हा दादा म्हणजे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोहिनूर, वाघनखं आणि व्याजासकट सगळं इंग्रजांकडून परत मागणारा आमचा दादा.

"जरा पालथं घाला ते," आत्या कोपऱ्यातून म्हणाली.

घातलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ती पद्धत किती शहाणपणाची आहे हे त्या दिवशी कळलं. काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं आणि आडनाव भलतंच होतं.

"शेजारच्या वाड्यातल्या काकूंचं आहे ते," आत्या म्हणाली. "थोरलीच्या लग्नात मागून आणलं होतं. सोळा तारखेला परत देते म्हणाले होते मी."

"कुठल्या सोळा तारखेला?"

"ते विचारू नका. त्यांचा नातू लंडनला असतो म्हणे. इथं येतो अधूनमधून. देऊन टाका त्याला."

दादानं घंगाळ पोटाशी धरलं. "असं कसं देऊन टाका? इतकी वर्षं कुणी सांभाळलं? त्यांच्याकडे राहिलं असतं तर कधीच मोडीत गेलं असतं. आणि आपल्याकडे काय, सगळ्यांना बघायला मिळतं. त्याला वाटलं तर येऊन बघून जाईल की! दोन ते चार सोडून कधीही ये म्हणावं."