मनगटातली रग कशी जिरवावी

दिवाळी अंकाच्या मोसमात डीटीपीवाल्यांचे हात दुखणारच. त्या सर्व बंधुभगिनींसाठी हे मार्गदर्शन. अट एकच: काम थांबता कामा नये. काम थांबवून दुखणं कुणीही बरं करील, त्याला जाणकार कशाला लागतो?

आधी निदान. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेला मुंग्या येतात, करंगळी मात्र ठणठणीत, असं असेल तर मनगटातल्या बोगद्यात मीडियन नावाची नस दबत असावी. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि सोबत ही नस. कंडरा सुजल्या की तिची गत सिक्स सीटरमधल्या दहाव्या प्रवाशासारखी होते. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. बरं वाटलं की झोपावं आणि सकाळी विसरून जावं. या पद्धतीने सहा महिने आरामात निघतात.

तोवर इतरांची निदानं ऐकून घ्यावीत. हिशेबनीस म्हणतील बी-ट्वेल्व्ह कमी असणार. सासूबाई म्हणतील, "रात्री मोबाइल बघता ना, त्यानेच." पानं घ्यायला आलेले लेखक म्हणतील, "आम्ही हाताने हजारहजार पानं लिहिली, आम्हाला काही झालं नाही." या शेवटच्या इसमासाठी थोडा इतिहास पाठ असावा. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या 1713 च्या आवृत्तीत कारकून-लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली आहेत: सतत बसणं, हात एकाच दिशेने चालत राहणं आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण संपादकांसमोर काढू नये. पुढे 1908 मध्ये इंग्लंडात तारबाबूंच्या हाताचं दुखणं नुकसानभरपाई मिळणाऱ्या रोगांच्या यादीतही गेलं. हे तर मालकांसमोर मुळीच काढू नये.

आता उपचार. कुणीतरी सांगतंच, "माउस डाव्या हाताने वापर." जरूर वापरावा. रामाझ्झिनीच्या ओळखीचा एक नोटरी लिहून लिहून बक्कळ पैसा कमवत होता. उजवा हात गेला तेव्हा तो चिकाटीने डाव्या हाताने लिहायला शिकला. मग डावाही गेला.

मनगटपट्टा घ्यावा. तो मुख्यतः रात्री बांधायचा असतो, कारण झोपेत मनगट मुडपून नस आणखी दबते. पण रात्री तो बघणार कोण? दिवसा बांधावा. पट्ट्यात जखडलेल्या मनगटाने माउस हलवताना सगळं काम खांद्यावर येतं आणि महिन्याभरात दुखणं मनगटापुरतं उरत नाही. कीबोर्डच्या मागचे प्लास्टिकचे दोन छोटे पाय उभे करावेत, म्हणजे मनगट दिवसभर वरच्या बाजूला वाकलेलं राहील. कीबोर्ड खालच्या सरकत्या फळीवर आणि माउस वर टेबलावर असेल तर उत्तमच. मनगट टेबलाच्या धारेवर टेकवावं. कातडीवर लाल रेघ उठली की बैठक जमली असं समजावं. महानारायण तेल चोळायला हरकत नाही. फक्त त्यानंतर तासभर शिफ्टवरून बोट घसरतं आणि 'श'चा 'स' होतो, त्याचं करेक्शन वेगळं.

विश्रांतीची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर घालून घ्यावं. अर्ध्या तासाने पडद्यावर 'थांबा' अशी पाटी येते. ती दुखऱ्याच बोटाने बंद करावी.

जुन्या टाइपरायटरवर ही सोय यंत्रातच होती, हे मात्र खरं. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हाताने कॅरेज ढकलावं लागायचं, पान भरलं की कागद काढून नवा लावायचा, कार्बन जुळवायचा. बोटांना दर ओळीला सुटका मिळायची, तीही मालकाच्या वेळेत. संगणकाने तो सगळा वेळ वाचवला. वाचलेल्या वेळात आपण आणखी पानं लावतो.

खुर्चीमागे उभे असलेले संपादक हा वेगळा विषय आहे. "ती ओळ जरा वर घ्या. नाही, पहिलीच बरी होती. आता फोटो एक केसभर डावीकडे." हा केसभर प्रवास माउसचं बटण दाबून धरून करावा लागतो. बोट दाबलेलं, कोपर हवेत आणि श्वास रोखलेला. अशा वेळी मोठ्याने कण्हावं. संपादक सहृदय असतील तर स्वतः चहा सांगतील आणि चहा येईपर्यंत आणखी एक करेक्शन देतील.

एक सूचना गंभीरपणे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसू लागला, कपबशी हातातून सुटू लागली, तर ही मार्गदर्शिका बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. नस फार दिवस दबली की नंतर मोकळी करूनही पूर्ण सुधारेलच असं नाही.

बाकी सगळे सांगतात तेच: "दिवाळी होऊ दे, मग घे की आराम." दिवाळीनंतर दिनदर्शिका असतात. मग लग्नपत्रिका, त्यातही 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हे शेवटच्या प्रुफात घालायचं असतं. मार्चनंतर पतसंस्थांचे अहवाल, त्यातले आकड्यांचे तक्ते एका चौकटीत बसवायचे. जून उजाडला की शाळांची कामं. आषाढात दोनचार दिवस टेबल मोकळं दिसतं, पण तेवढ्यात कुणी ज्येष्ठ कवी छत्री झटकत आत येतात आणि पिशवीतून दिवाळी अंकासाठीच्या कवितांची वही काढतात, पेन्सिलीने लिहिलेली.