तिसऱ्या हिश्श्याचे गणित

साताऱ्याच्या पाटण-जावळीतून आणि सांगलीच्या शिराळ्यातून गेलेल्या माणसांनीही मुंबईच्या गिरण्या चालवल्या. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीनुसार झोपायचे. एक कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. जागेचा इतका काटकसरी वापर अजून एकाही बिल्डरला जमलेला नाही. प्रयत्न मात्र चालू आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये सरकारने नियम जरा ‘स्पष्ट’ केला. वाटायची ती फक्त मोकळी जमीन, शेडखालची नव्हे. आता गिरणी म्हणजे बहुतेक शेडच असते, हा निव्वळ योगायोग समजावा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला.

फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, चिमणी शोभेला राहिली. श्रीनिवास मिलच्या जागी गगनाला टेकलेले टॉवर. कामगाराला म्हाडाच्या सोडतीत २२५ चौरस फुटांचे घर, तेही नशीब उघडले तर. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. उरलेल्यांना शेलू-वांगणी दाखवली, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे. आणखी थोडे पुढे सरकले की सरकारला कामगाराला थेट पाटणलाच घर देता येईल. तिथे त्याचे घर आहेच. गिरणीच्या पगारातून त्यानेच बांधलेले.