गौरवर्णाची वसुली

लग्नसराईच्या तोंडावर श्रीगोंद्याच्या बाजारपेठेत कटलरीच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तीत उपवर कन्यांपेक्षा त्यांच्या मावश्यामाम्यांचाच भरणा अधिक असतो. आणि "ती आठ दिवसांत उजळवणारी डबी द्या" एवढ्या मोघम मागणीवर दुकानदार जी वस्तू पुढे सरकवतो, तिच्यावर कारखान्याचे नाव, पत्ता वा घटकद्रव्यांची यादी यांपैकी काहीही नसल्याचा खेद कोणासही होत नाही. कारण तिचा गुण येतो, आणि ज्याचा गुण येतो त्याचा दाखला मागणे आपल्याकडे अशिष्टपणाचे समजतात.

हा गुण बहुधा पाऱ्याचा असतो. त्वचेत काळसर रंगद्रव्य घडविणाऱ्या विकराचे काम पारा बंद पाडतो, आणि ते करून झाल्यावर रक्तावाटे मूत्रपिंडांत जाऊन मुक्काम ठोकतो. घरातला थर्मामीटर फुटला की पोरांना दूर हाकलून कागदावर पाऱ्याच्या गोळ्या टिपणारी माउलीच लेकीच्या गालांवर तेच द्रव्य मायेने चोळत बसते.

अकोल्यात एका घरातील आई व दोन लेकींनी असे क्रीम लावले आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वर्तमान 2023 साली पत्रांतून आले. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण आढळले. या व्याधीचे कसब असे की, लघवीवाटे प्रथिने वाहून जातात, पावले आणि तोंड सुजते, आणि ते सुजलेले तोंड पाहून आत्या कौतुकाने म्हणते, "पोरगी आता कशी अंगाने भरली!" गोरी आणि वर भरलेली, स्थळांना याहून काय हवे?

सरकार स्वस्थ बसले आहे असे मात्र नव्हे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पारा बुद्ध्या घालण्यास मनाई केली असून नकळत उरलेला अंशही दहा लाख भागांत एकाहून अधिक नसावा असे फर्माविले आहे. नेत्रप्रसाधनांस तेवढी सत्तर भागांची सूट आहे, बहुधा डोळ्यांनी फार बारकाईने पाहू नये म्हणून. पुढे 2023 मध्ये पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातील राष्ट्रांनी त्या एका भागाचीही सवलत काढून टाकण्याचे ठरविले. नियमांत खोट काढण्यास जागा नाही. बिनपत्त्याच्या डबीवर नोटीस कोणाच्या नावे बजावायची, एवढाच काय तो पेच आहे. ज्यांची समाधी याच श्रीगोंद्यात आहे त्या संत शेख महंमदांनी आपल्या 'योगसंग्राम' ग्रंथात अंतःशत्रूंशी झुंज वर्णिली. त्यांतला एखादा कटलरीच्या दुकानात रोखीने मिळेल, हे त्यांच्या ध्यानी येणे कठीण होते.

तूर्त आमची एक नम्र दरखास्त आहे : पत्रिकेतल्या छत्तीस गुणांसोबत मुलीच्या लघवीचा अहवालही जुळवून पाहावा. मुलाकडची मंडळी या दरखास्तीस सहर्ष मान्यता देतील. फक्त तपासणीचा खर्च वधूपक्षाने सोसावा, आणि अहवालास मुलीचा हल्लीचा, उजळ फोटो जोडावा, एवढ्या दोन दुरुस्त्या ते सुचवतील.