मुदत मिळावी, ही विनंती

तालुक्याच्या कोर्टात सगळ्यांत जास्त लिहिला जाणारा साहित्यप्रकार म्हणजे मुदतीचा अर्ज. लांबी अर्धं पान, भाषा अत्यंत नम्र आणि शेवट ठरलेला: ‘तरी न्यायाचे दृष्टीने मुदत मिळावी.’ मधल्या चार ओळींत मात्र प्रतिभेला पूर्ण वाव. पक्षकार आजारी आहेत, सातबाराची नक्कल मिळायची आहे, तडजोडीची बोलणी चालू आहेत. जे दोन भाऊ बांधावरून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, त्यांचीही बोलणी अर्जात अगदी जोरात चालू असतात.

कायदा या साहित्याला भुललेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 17व्या आदेशात 2002पासून स्पष्ट मर्यादा आहे: दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे तर कारणच धरायचं नाही. पण माणसावर चौथ्या तारखेलाही संकट येऊ शकतं. म्हणून 2005मध्ये सेलम वकील संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खरोखर हाताबाहेरची परिस्थिती असेल तर तीनच्या पुढेही मुदत देता येईल. उदाहरणं भूकंपाची, त्सुनामीची होती. दार उघडलं त्सुनामीसाठी. त्याच दाराने ‘झेरॉक्सवाल्याकडे लाईट नव्हती’ हेही हळूच आत आलं.

आता हे दोन प्रसंग वेगळे ओळखायचे कोणी? न्यायाधीशांनी. तेही भरगच्च बोर्ड समोर असताना, अर्ध्या मिनिटात. अर्ज फेटाळला तर वरच्या कोर्टात ‘बाजू मांडायची संधीच दिली नाही’ अशी ओरड होणार. मंजूर केला तर तक्रार करणार कोण? समोरचे वकील ‘हरकत आहे’ म्हणतात खरे, पण जरा बेतानंच. पुढच्या महिन्यात त्यांनाही असाच अर्ज द्यायचा असतो. शेवटी शे-पाचशे रुपये खर्च भरण्याच्या अटीवर तारीख पडते. आपली ती अडचण, समोरच्याचा तो वेळकाढूपणा, हा न्याय दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतो.

तक्रार असते ती बाहेर बाकड्यावर बसलेल्या साक्षीदाराची. पहाटेच्या एसटीने आलेला, रोज बुडवलेला. तो हजर असेल आणि समोरचा तयार नसेल, तर त्याचा जबाब नोंदवून घेण्याची मुभा कोर्टाला संहितेनेच दिलेली आहे. पण ती आठवायची तर आधी तो दिसायला हवा. मुदत मागणाऱ्याचं दुःख टाइप होऊन टेबलावर येतं; थांबणाऱ्याचं दुःख कागदावर येतच नाही. न्यायाधीशांचा विवेक थोर असेलही, पण तो वाचतो समोरच्या कागदावरचंच.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. मुदतीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ‘आज कोण कोण आले आहे, कुठून आणि किती बुडवून.’ तो भरण्याचं काम मुदत मागणाऱ्याकडेच द्यावं, साक्षीदाराला विचारून, त्याच्या सहीसह. निम्मे अर्ज त्या सहीपाशीच अडतील. उरलेल्यांना साहेबांनी खुशाल मुदत द्यावी. त्यांची त्सुनामी बहुधा खरी असेल.