होंडुरासमधले आमचे वजन

होंडुरासच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगबद्दल कुरुंदवाडात माझा शब्द अखेरचा मानला जातो. पहिलाही माझाच असतो, आणि मधलाही. नदीपलीकडे नृसिंहवाडीत किंवा इकडे शिरोळपर्यंत या विषयात मला आव्हान देणारा माणूस अजून जन्मलेला नाही. जन्मला असेल तर त्याने तोंड उघडलेले नाही. माणसाला आयुष्यात एखादा तरी प्रांत असा लागतो, जिथे त्याला कोणी ‘गप बसा हो’ म्हणत नाही. काही भाग्यवंतांना तो घरातच मिळतो. मला मध्य अमेरिकेत शोधावा लागला.

फुटबॉलवर अधिकारवाणीने बोलायची मला जुनी हौस. पण कोल्हापूर जिल्ह्यात ही हौस भागवणे म्हणजे दिव्यच. मेस्सीबद्दल दोन शब्द बोलावेत, तर सातवीतला पुतण्या ‘काका, ते तसं नाही’ अशी सुरुवात करतो आणि पुढची वीस मिनिटे आपण ऐकून घ्यायचे. युरोपातल्या क्लबांकडे वळावे, तर सलूनमधल्या पोराला कोणता खेळाडू किती कोटींना विकला गेला ते तोंडपाठ. त्यातून त्याच्या हातात वस्तरा. अशा वेळी मी मतभेद मनात ठेवतो.

राहता राहिले कोल्हापूरचे फुटबॉल. तिथली अडचण आणखी वेगळी. शाहू स्टेडियमवर शेजारच्या माणसाला मी एकदा म्हणालो, ‘‘पास डावीकडं द्यायला पाहिजे होता.’’ त्याने पासाबद्दल अवाक्षर काढले नाही. मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, ‘‘पेठ कुठली?’’

पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, संध्यामठ, जुना बुधवार. यातला एखादा संघ माणसाला जन्मताच मिळतो. बारशात नाव ठेवायच्या आधी संघ ठरलेला असतो. पुढे शिक्षण, नोकरी, पक्ष, क्वचित बायकोदेखील बदलते. संघ बदलत नाही. मी खोल आवाजात म्हणालो, ‘‘मी कुरुंदवाडचा.’’ त्यावर तो एकदम मायाळू झाला. ‘‘अस्सं व्हय! कृष्णाकाठची वांगी लई भारी असत्यात पावणं तुमच्याकडं.’’ माझ्या फुटबॉलविषयक कारकिर्दीची किंमत त्या दिवशी किलोवर ठरली.

घरी आलो तो निश्चय करूनच. जगाच्या नकाशावर अशी लीग शोधायची, जिला पेठ नाही, पुतण्या नाही, वस्तरा नाही. कोस्टा रिकाची बघितली. पण २०१४च्या विश्वचषकानंतर केलॉर नवास हे नाव आमच्या आळीतल्या पोरांनाही ठाऊक झाले होते. म्हणजे तो प्रांत बाटला. होंडुरास मात्र स्वच्छ होते. त्यांचा शनिवार संध्याकाळचा सात वाजताचा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होतो. गावातले विद्वान तेव्हा झोपलेले असतात. हिला मात्र माझ्या या व्यासंगाचे कौतुक नाही. ‘‘अहो, उठलाच आहात तर दूध घेऊन या,’’ इतकाच तिचा होंडुरासशी संबंध.

आता या लीगची रचना. एका मोसमात तिथे दोन स्वतंत्र स्पर्धा होतात. पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ‘आपेर्तुरा’, जानेवारीपासून मेपर्यंत ‘क्लाउसुरा’. दोन्हींचा विजेता वेगळा, चषक वेगळा, मिरवणूक वेगळी. एका वर्षात दोन अजिंक्य! पुतण्याला हे अजब वाटले. म्हणाला, ‘‘मग खरा चॅम्पियन कोण?’’ मला मात्र काहीच अजब वाटले नाही. मी कुरुंदवाडचा आहे. एकाच गावाला दोन धनी कसे असतात, हे आम्हाला कोणी होंडुरासहून येऊन शिकवायला नको.

हा विषय निघाला की मला राहवत नाही, तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून घ्यावे. पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानाची १८५४मध्ये वाटणी झाली: थोरली पाती आणि धाकटी पाती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे एवढेसे गाव, पण राजकारण दोन राजधान्यांना पुरेल एवढे. धाकट्या पातीची तर आणखी मजा. तिथे एकाच वेळी दोन अधिपती मिळून कारभार पाहत. म्हणजे त्या चषकाचेही पुन्हा दोन मानकरी. एकट्या पटवर्धन आडनावाची केवढी लीग होती बघा: सांगली, जमखंडी, मिरज थोरली, मिरज धाकटी, कुरुंदवाड थोरली, कुरुंदवाड धाकटी. तासगावही होते, पण वारस नसल्याने इंग्रजांनी ते खालसा केले. आजच्या भाषेत तासगाव रेलिगेट झाले. तोफांच्या सलामीत, दरबारातल्या खुर्चीत, लग्नातल्या मानपानात यांच्यात जी चुरस चालायची, तिच्यापुढे आजचा कुठलाही डर्बी सामना सपक वाटावा. आमचे आजोबा थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून. संस्थाने १९४८मध्ये विलीन झाली, पण आजोबांच्या मनातली पाती शेवटपर्यंत विलीन झाली नाही. धाकट्या पातीकडच्या माणसाने दिलेल्या चहात साखर कमी असते, असे त्यांचे ठाम मत होते. चहा तोच, दुकान तेच. मी त्यांचाच नातू. पेठेला मी नावे ठेवतो ती निव्वळ मत्सराने, हे मला पुरते ठाऊक आहे.

असो. होंडुरास.

तिथला सर्वांत यशस्वी संघ ऑलिंपिया. पस्तीसच्या वर विजेतेपदे एकट्याच्या नावावर. हा क्लब १९१२मध्ये स्थापन झाला तो बेसबॉलसाठी; फुटबॉल मागून आले आणि घरचे मालक झाले. ही गोष्ट मी कोल्हापुरातल्या एका स्नेह्याला मोठ्या तोऱ्यात सांगितली. तो म्हणाला, ‘‘त्यात काय? आमच्या तालमी काय फुटबॉलसाठी काढल्या होत्या?’’ खरेच होते. तालीम म्हणजे लाल माती, जोर, बैठका, हनुमानाची मूर्ती. त्याच मंडळांच्या नावाची जर्सी घालून आज पोरे हेडर मारतात. वर त्याने आठवण करून दिली, की राजर्षी शाहूंचे खासबागेतले कुस्तीचे मैदानही १९१२चेच. माझे एकमेव हुकमी पान त्याने कापले. मी विषय बदलून मोताग्वावर गेलो.

मोताग्वा हा ऑलिंपियाचा कट्टर वैरी. दोघेही एकाच राजधानीतले, तेगुसिगाल्पातले. (हे नाव मी आता न अडखळता घेतो. सराव घाटावर, पहाटे, माणसे नसताना केला.) मोताग्वा हे एका नदीचे नाव. क्लब निघाला १९२८मध्ये. तेव्हा होंडुरास आणि ग्वातेमाला यांच्यात सरहद्दीचा तंटा पेटला होता आणि ही नदी त्या वादात होती. आज ती वाहते ग्वातेमालात आणि तिचे नाव छातीवर मिरवतात होंडुरासचे लोक. सीमाप्रश्नावर हयात गेलेल्या आमच्या भागातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून मी मोताग्वाचा झालो. ज्याच्या दारात दोन नद्या आहेत, त्याने नदीच्या नावाचा संघ सोडून दुसरा का धरावा?

सीमेचा विषय निघालाच आहे, तर १९६९ची हकिगत सांगणे भाग आहे. ती सांगितली की कट्ट्यावर माझा दुसरा चहा पक्का. १९७०च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. होंडुरास विरुद्ध एल साल्वादोर. पहिला सामना होंडुरासने १–० जिंकला, दुसरा साल्वादोरने ३–०, आणि मेक्सिको सिटीतला निर्णायक सामना जादा वेळेत साल्वादोरने ३–२ असा मारला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १४ जुलैला, दोन देशांत चक्क युद्ध जुंपले. विमाने, रणगाडे, सगळे. शंभर तासांत ते थांबले, पण काही हजार माणसे गेली. फुटबॉलमुळे युद्ध झाले असे जगाने म्हटले. खरे कारण जमीन होते. चिमुकल्या साल्वादोरातून तीनेक लाख लोक होंडुरासात शेती करायला गेले होते आणि होंडुरासने त्यांना हुसकावायला सुरुवात केली होती. बांधाचे भांडण. आमच्या शिरोळ तालुक्यात त्याला फुटबॉल लागत नाही. एवढे करून जो साल्वादोर मेक्सिकोला गेला, तो तिन्ही सामने हरला आणि त्याला एक गोलसुद्धा करता आला नाही.

इथवर कट्टा हसतो. पुढचे मी कट्ट्यावर सांगत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेने आम्हाला घेरले. गावाचे रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली. आम्ही जयसिंगपुरात मेहुण्याकडे. पूर ओसरत आला होता, पण घराच्या भिंतीला चिखल कुठवर लागला असेल या विचाराने झोप लागत नव्हती. अशा एका सकाळी मी सवयीने मोबाईल उघडला. ऑलिंपिया–मोताग्वा सामना होता. तो झालाच नाही. १७ ऑगस्टला स्टेडियमकडे निघालेल्या मोताग्वाच्या बसवर जमाव दगड घेऊन तुटून पडला. काचा फुटून खेळाडू जखमी झाले, त्यात स्कॉटलंडच्या सेल्टिककडून खेळून आलेला एमिलियो इसागिर्रेही होता. मैदानाजवळच्या दंगलीत किमान तीन माणसे मेली. फुटबॉल पाहायला घरून निघालेली माणसे.

त्यांच्यावर जी माणसे धावून गेली तीही त्याच शहरातली. आम्हाला पाण्यात घालवणारी तर नदी होती; तिच्यावर राग तरी काय धरणार? यांना काय झाले होते?

पुढच्याच महिन्यात, २ सप्टेंबरला, गणपती आले. मोहरमही त्याच दिवसांत. आमच्या गावात पाच मशिदींत गणपती बसतो, जुनी रीत आहे. त्या वर्षी पीर आणि गणपती एकाच छताखाली होते. ओल धरलेल्या भिंतींच्या गावात लोक एकमेकांकडे प्रसाद नेत होते. याचा मला अभिमान आहे, आणि या अभिमानाला मी हसणार नाही.

म्हणून शाहू स्टेडियमवर एखादा सामना प्रेक्षकांच्या हाणामारीने थांबला, पोलीस मैदानात आले असे वाचले, की माझे डोके फिरते. हजारो माणसे उन्हात बसून स्थानिक क्लबांचे सामने बघतात, असे शहर महाराष्ट्रात दुसरे दाखवा. विश्वचषकाच्या दिवसांत इथल्या चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात, पेठेच्या संघात आफ्रिकेतले खेळाडू येऊन खेळतात. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेअडतीस लाखांच्या वर. कोस्टा रिका हा अख्खा देश पन्नास लाखांच्या आसपास. तो २०१४ला इटली, इंग्लंड आणि उरुग्वेच्या गटात पहिला आला आणि उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून हरला तोही पेनल्टीवर. वेड आपल्याकडे कमी आहे असे नाही. ते सगळे समोरच्या पेठेला पाडण्यात खर्च होते. मोठ्या मैदानापर्यंत पोचायला कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला पुण्याच्या बालेवाडीत जाऊन शिकावे लागले. मग तो २०१७ला दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली देशपातळीवरची महिला लीग खेळून आल्या. आयएसएलमध्ये मात्र आमच्या एकाही पेठेचा संघ नाही. तिथे पोचायला आधी सगळ्या पेठांना एका बाजूने ओरडावे लागेल.

होंडुरासनेही तीन विश्वचषक खेळले आहेत: १९८२, २०१० आणि २०१४. एकूण नऊ सामने, विजय शून्य. १९८२ला यजमान स्पेनला १–१ असे रोखले, ही त्यांची मोठी कमाई. माझ्यासारख्या माणसाला असाच देश शोभतो. जिंकत नाही, पण मत भरपूर. तरी त्यांच्या लीगवरचा माझा एकछत्री अंमल मी आता सोडायला तयार आहे. कोणाला हवा असेल त्याने घ्यावा, तेगुसिगाल्पाच्या उच्चारासकट.

बदल्यात एकच मागणे. थंडी पडली की शाहू स्टेडियमवर नवा हंगाम सुरू होईल. जरूर जा. आपल्या पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडा. पण समोरच्या पेठेच्या एखाद्या पोराने सुरेख गोल मारला, तर एकदा टाळी वाजवून बघा. पहिली टाळी वाजवायला धैर्य लागते, म्हणून ती तुम्ही वाजवा. दुसरी मी वाजवतो.